आत्याला न्हाणीघर दाखवायचा कार्यक्रम

उज्जैनच्या कुठल्याही जुन्या घरात आंघोळ करताना तुमचा पाय घसरला नाही, तर ते न्हाणीघर मी दुरुस्त केलेलं आहे असं खुशाल समजा. घसरला, तर ते दुसऱ्या कुणाचं तरी काम. हा नियम मीच केला आणि आजवर त्याला कुणी आव्हान दिलेलं नाही, कारण घसरलेली माणसं माझ्यापर्यंत चालत येऊ शकत नाहीत.

ह्या धंद्यात मी पडलो तो संस्थानं विलीन झाली म्हणून. आमचे पूर्वज शिंद्यांच्या लष्करामागून दप्तरं घेऊन माळव्यात आले आणि तेव्हापासून घराण्यात लेखणीहून जड काही कुणी उचललं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा ज्या दरबारात चिकटायचं तो दरबारच उठून गेला. मग मध्यभारत आला. त्याला राजधान्या दोन, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. वडील महसूल खात्यात होते. फायलींबरोबर तेही असे वर्षभर हिंडायचे, की आमचा कुत्रा त्यांना पाहुणा समजून भुंकायचा.

मी मात्र डोळे उघडे ठेवून पाहिलं, की देश स्वतंत्र झाल्यावर लोकांना पहिली लाज वाटली ती आपल्या मोरीची. स्वतंत्र देशाचा नागरिक काय स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, उष्ट्या ताटांशेजारी उकिडवा बसून आंघोळ करणार? छे! त्याला चार भिंती पाहिजेत, कडी पाहिजे, साबणाला कोनाडा पाहिजे. मी एक मिस्त्री गाठला. माणूस अस्सल माळव्यातला, आवाज असा की फ्रीगंजात त्याने "सिमट लाओ!" म्हणून आरोळी ठोकली की देवास गेटला उभ्या असलेल्या मोटारी ड्रायव्हर चढायच्या आधी सुटायच्या. आम्ही दोघांनी मिळून गावाला स्वच्छ केलं. म्युनिसिपालटी श्रेय घेते ते घेऊ द्या.

पण माझ्या कीर्तीची खरी परीक्षा झाली ती घरात, आणि परीक्षक होती माझी आत्या.

आत्या वडिलांहून मोठी. पहिल्यापासून आमच्याकडेच राहायची. वडील तिला अक्का म्हणत आणि चळचळा कापत, पण हे कापणं त्यांना ओरडून लपवावं लागे. आमचं घर रामघाटाच्या चढावर. थंडी असो, पाऊस असो, क्षिप्रेला पूर असो, आत्याची पहाटेची आंघोळ घाटावर. पुराच्या वर्षी नदी घाट सोडून वर चढली तेव्हा आत्या म्हणाली होती, "आज तीच आली बाई माझ्याकडे." घाटाची एक पायरी तिची होती. म्हणजे कुणी दिलेली नव्हे, पण त्या पायरीवर दुसरं कुणी बसलं तर सगळा घाट खाकरायचा. एका बाजूला तिची तेलीणबाई मैत्रीण, दुसऱ्या बाजूला एक गुजराती काकू, खाली पेढेवाल्याची आई. चौघी तिथे रोज अंग धूत आणि गाव धूत.

त्या कार्तिकात आत्या आपल्याच पायरीवरून घसरली. लोक सांगतात त्यावर जाऊ नका, मी सांगतो ते खरं. पाणी असं उडालं की पलीकडच्या काठावर बसलेल्या साधूंच्या चिलमी विझल्या. आत्या स्वतःच उठली, लुगडं पिळलं, तांब्या शोधला, आणि मग तिच्या लक्षात आलं की डावं मनगट मोडलंय. हाडवैद्याने पट्ट्या बांधल्या. वडील संध्याकाळी घरी आले, पट्ट्या पाहिल्या आणि ओसरीत उभे राहून गर्जले,

"अक्का, घाट आजपासून बंद!"

"घाट काय तुझ्या बापाचा आहे?"

"आपला दोघांचा बाप एकच होता, अक्का."

"म्हणून तर मला ठाऊक आहे, त्याचा नव्हता."

एरवी वडील इथे हरले असते. पण ते साल छप्पन्न होतं. मध्यभारत गुंडाळला गेला होता, मध्यप्रदेश झाला होता, आणि राजधानी बसली होती भोपाळात. वडिलांची बदली तिकडे. आई आणि धाकटी भावंडं त्यांच्याबरोबर जाणार होती, मी धंद्यासाठी उज्जैनातच राहणार होतो. आत्यानेही इथेच, माझ्याबरोबर राहायचं हे न बोलता ठरलेलं होतं. मनगटाने सगळं उलटं केलं.

"हा सूर्य डोक्यावर आल्याशिवाय उठत नाही," वडिलांनी माझ्याकडे बोट केलं. "पहाटे घाटावर तू पुन्हा पडलीस तर उचलायला कोण? आता दोनच रस्ते. एक तर घरात आंघोळ करायची, रोज, आणि तसं मला इथे देवासमोर सांगायचं. नाही तर माझ्याबरोबर भोपाळला चलायचं. संक्रांतीच्या आत."

भोपाळ म्हणजे आत्याला काळ्या पाण्यासारखं. तिथे तलाव आहे असं कुणी सांगितलं तर म्हणाली, "साचलेलं पाणी. त्यात म्हशी बसतात." पण घरातली आंघोळ म्हणजे आमची ती मोरी, अर्ध्या भिंतीआड, पलीकडे शेगडी. "खरकट्या ताटांच्या पंगतीत बसून मी नाही आंघोळ करायची," ती मला म्हणाली. "आणि जी आंघोळ मनापासून नाही, ती करीन म्हणून देवासमोर खोटंही नाही बोलायची."

मी छाती पुढे काढली. "आत्या, घरात तुझ्यासाठी नवीन न्हाणीघर बांधतो. गावातली माझी सगळी कामं दाखवतो. तू फक्त पसंत कर."

अशा रीतीने माझी आत्या न्हाणीघरं बघायला निघाली. आपल्याकडे मुली बघतात ना, अगदी तसाच थाट. आधी निरोप गेले. ज्या घरी जायचं तिथली मंडळी घासून-पुसून तयार. बंब चिंचेने लखलखलेला, भिंतीला नवा चुना, न्हाणीघराच्या दारात रांगोळी. एका घरी तर न्हाणीघराला तोरण होतं. आम्ही गेलो की आधी पोहे, वर शेव, मग जिलबी, आणि मग घरची बाई लाजत म्हणणार, "या, बघून घ्या." आत्या नऊवारीचा पदर सारखा करून आत जाणार, दार लावून घेणार. बाहेर सगळे श्वास रोखून उभे. मी कडेला, मुलीच्या बापासारखा.

पहिलं स्थळ जुन्या पेठेतलं. घर पेशवाईतलं म्हणतात, न्हाणी त्याहून जुनी असावी असा तिचा वास होता. मी तिथे फरशी उखडून दगड नव्याने बसवला होता, पाण्याला वाट काढली होती, आणि वर एक निळी काच घातली होती, इंदूरहून आणून. दुपारी त्या काचेतून असा उजेड पडायचा की आंघोळ करणारा साक्षात श्रीकृष्ण दिसायचा.

आत्या बाहेर आली. "अंधार फार आहे."

"आत्या, काच बघितलीस का?"

"बघितली. पालही बघितली. निळी होती."

दुसरं स्थळ फ्रीगंजात, टावर चौकाच्या अलीकडे, एका वकिलांचं. ते माझं गाजलेलं काम. पांढऱ्या फरश्या, पितळी नळ, आणि छताला फवारा. तो उद्घाटनाच्या दिवशी सोडला तेव्हा वकीलसाहेब बाहेरच यायला तयार होईनात, अशिलांशी आतून बोलले म्हणे. आत्याने आधी फरशीवरून हात फिरवला. "इस्पितळ झालंय." मग फवारा सोडला आणि ताबडतोब बंद केला. "वरून कुणीतरी गुळण्या टाकतंय." मग नळाशी आली.

"ह्याच्या पोटात काय असतं रे? पाणी थांबतं कशाने?"

आता इथे खोटं बोलायला हवं होतं. पण कारागीर जात, तोंडातून निघून गेलं. "चामड्याची चकती असते, आत्या."

आत्याने हात असा मागे घेतला, जणू नळ चावला. वकिलांच्या बायकोचा चेहरा उतरला. तिने देवाचं पाणी त्याच नळाचं भरलेलं होतं. आम्ही निघालो तेव्हा मागे वकीलसाहेबांना बोलणी बसत होती आणि पुढे कित्येक दिवस त्या घरात देवासाठी विहिरीचं पाणी येत होतं. वकीलसाहेब मला पाहिलं की रस्ता बदलत.

तिसरं स्थळ रेल्वेच्या बंगल्यातलं. गोरा साहेब जाताना टब सोडून गेला होता, सिंहाच्या पंजांचा, चिनीमातीसारखा पांढराशुभ्र. आता तिथे आमच्यातलेच एक साहेब राहायला आलेले. त्यांनी मला टब काढायला बोलावलं होतं, पण तो दारातून निघेना. भिंत पाडावी तर बंगला सरकारी. शेवटी त्याच्यात त्यांनी वर्षाचे गहू भरले आणि आंघोळ शेजारी बादलीने. आत्या येणार म्हणून त्यांनी गहू उपसून ठेवले होते. आत्या नेसत्या लुगड्यानिशी आत उतरली, आडवी झाली, वर छताकडे पाहिलं.

"ह्यात झोपून आंघोळ करतात?"

"हो, आत्या."

"आणि मग परत उठतात कशाला? चौघांनी तसंच उचलून न्यावं की."

तिला बाहेर काढायला साहेब, त्यांचा शिपाई आणि मी, तिघे लागलो. लुगड्यातून गहू घरापर्यंत सांडत आले. चिमण्यांची वरात आमच्या मागे.

चौथं स्थळ माधव नगरात, नव्या सरकारी क्वार्टरमधलं. ते मी बांधलेलं नव्हतं. सरकारने बांधलं होतं, मी फक्त त्याचं दार फिरवलं, कारण दार आत उघडलं की माणूस मावत नाही अशी तक्रार होती. मी दार बाहेर उघडणारं केलं. तरी साबण हातातून पडला तर बाहेर येऊन, वाकून, पुन्हा आत जावं लागे. आत्या तिथे मुळीच चेष्टा न करता उभी राहिली. एक हात एका भिंतीला टेकवला, पट्टीतला हात दुसऱ्या भिंतीला. दोन्ही टेकले.

घरची बाई चांगल्या मनाने म्हणाली, "भोपाळला तुम्हाला अस्संच मिळणार बरं का, काकू. आमच्या ह्यांनी नकाशा पाहिलाय. एकाला एक सारखे."

पोह्यांचं ताट तसंच राहिलं. आत्याने पोहे टाकले असं त्याआधी फक्त गांधीजी गेले तेव्हा झालं होतं. परतीच्या टांग्यात ती म्हणाली, "तिथे हात पसरले की संपतं रे." मग घोड्याकडे बघत बसली. माझी सगळी कीर्ती टांग्यामागे धुळीत लोळत येत होती.

वडील त्या आठवड्यात क्वार्टरची व्यवस्था लावायला भोपाळला गेले. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे आत्याने माझी रजई ओढली. "ऊठ. घाटावर चल. पाण्यात नाही उतरत, नुसतं बसू. तू आहेस ना उचलायला."

धुकं असं होतं की आपलंच नाक शेजाऱ्याचं वाटावं. आम्ही वर बसलो. खाली तिच्या तिघी मैत्रिणी होत्या. मधली पायरी मोकळी. तेलीणबाईने मान वर केली आणि सगळा घाट दणाणून टाकला, "बई, मनगट जुड्यो के नी? इत्ता दिन में तो लंका को पुल बण ग्यो थो!"

"पुलाला वानर होते," आत्या ओरडली. "माझ्याकडे हा एकच आहे!"

तिघी खदाखदा हसल्या. मग तिथूनच, वर-खाली ओरडत, गप्पा सुरू झाल्या. कुणाची सून, कुणाचं जावळ, कुणाची म्हैस. मी पेंगत होतो. एकदम आत्याने माझं गुडघ्यावरचं धोतर ओढलं आणि पायऱ्यांकडे बोट दाखवलं.

"हे बांध."

"काय?"

"हे. पसंत आहे मला."

"आत्या, हा घाट आहे."

"मग? तूच म्हणालास ना, फक्त पसंत कर. मागच्या अंगणात आडाशेजारी जागा आहे. काळा दगड, पायऱ्या रुंद, खाली गुडघाभर पाणी साठेल एवढं कुंड."

"पण त्यात पाणी आडाचं."

"क्षिप्रेचं तांब्याभर ओतलं की आड काय आणि समुद्र काय, सगळी क्षिप्राच."

"अगं, पायऱ्यांवरून पडलीस म्हणून हे सगळं चाललंय ना? आणि घरात पुन्हा पायऱ्याच?"

"पडले ती शेवाळावरून. घरात शेवाळ धरू देईन मी?"

मिस्त्रीला सांगितलं तर आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज बसला. "भिया, लोग घर में नल लाते हैं। आप नदी ला रहे हो?" पण काम त्याला चढलं. आम्ही दगड आणले ते असे, की बैलांनी दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं. पायऱ्या टाकताना मिस्त्री विचारायला लागला, "बाईसाब, इत्ती चौड़ी सीढ़ी का क्या करोगे? अकेली तो हो।"

"तू मोजमाप बघ," आत्या म्हणाली. "बसायच्या आहेत."

तोवर मला काही कळलं नव्हतं. वर टिनाचं छप्पर, बाजूला भिंती, आणि अंगणाला नदीच्या बोळाकडून एक दार. ते दारही आत्यानेच मागितलं. वास्तविक तिची आंघोळ झाली की झालं, बोळातून यायचंय कुणाला? मी माझं विचारायचं काम केलं नाही. दार चांगलं भक्कम केलं.

वडील परत आले त्याच दिवशी उद्घाटन होतं. हे आत्याने जुळवलं की आपोआप जुळलं, ते देवाला ठाऊक. वडील स्टेशनवरून काळी टोपी, लांब कोट अशा दरबारी थाटात घरात शिरले, बायकांचा गलका ऐकून थेट मागच्या अंगणात आले. तिथे घाटावरच्या तिघी ओल्या केसांनी, हातात क्षिप्रेचे तांबे घेऊन पायऱ्यांवर बसलेल्या. नदीवरून बोळातल्या दाराने सरळ आत. मधल्या पायरीवर आत्या, पट्ट्या सुटलेल्या, नवं लुगडं नेसून.

वडील गरजले, "न्हाणीघरात घाट?"

"घाट नाही, घरात आंघोळ," आत्या म्हणाली. "मी तुला देवासमोर सांगायचं होतं ना? सांगते. रोज इथेच करीन. आता झालं?"

"ह्या पायऱ्या आधी काढायच्या, अक्का! तू इथेही पडणार. अशी ही गुळगुळीत..." असं म्हणत वडिलांनी सिद्ध करायला, पायात बूट असतानाच, पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

मी सुरुवातीला सांगितलेला नियम बुटांना लागू नाही.

वडील बसत बसत, एकेक पायरी आवाज करत, कोटासकट कुंडात गेले. टोपी तरंगायला लागली. आणि मग घाटावरची सवय बघा, समोर कुणी डुबकी मारली की हात आपोआप उठतात, तिघींनी आपापले तांबे त्यांच्या डोक्यावर रिकामे केले आणि एका सुरात म्हणाल्या, "जय क्षिप्रा मैया!"

आत्या उतरली. मोडलं होतं त्याच हाताने वडिलांचं मनगट धरलं आणि महसूल खात्याचा एवढा अधिकारी, भिजलेल्या कोटाच्या वजनासकट, वर ओढून पायरीवर बसवला. वडिलांचा घोटा तोवर भोपळ्यासारखा सुजला होता.

"दुखतंय का रे?" आत्याने विचारलं.

"हो," वडील म्हणाले. लहान मुलासारखे म्हणाले.

हाडवैद्य पुन्हा आला. ह्या घराने आपली हाडं त्याच्या नावे करून ठेवली आहेत का, असं त्याने विचारलं. वडिलांनी आजारपणाची रजा टाकली. खाट मागच्या ओसरीत घातली, कारण तिथे ऊन येई. ऊन येई तशाच पहाटे त्या तिघी येत. बोळातलं दार वाजे, आत्या कुंडात उतरे, मैत्रिणी कोरड्या पायऱ्यांवर बसत, आणि गाव धुतलं जाई. मधे एक चटई टांगलेली, तिच्याआड वडील डोक्यावर रजई ओढून पडलेले. पहिले काही दिवस रजईतून फक्त उसासे ऐकू यायचे. मग एका सकाळी पेढेवाल्याची आई सांगत होती की अमक्या तहसीलदाराची बदली सागरला झाली, तर चटईआडून आवाज आला, "सागरला नाही, रिव्याला."

"रीवाँ?" गुजराती काकू उडालीच. "अरे भाई, तमने खबर छे तो बोलो ने! चूप शुं काम रह्या?"

त्या दिवसापासून वडील बोलायला लागले. खात्यातल्या माणसांबद्दल घरात कधी अक्षर न काढणारा माणूस चटईआडून बदल्या, बढत्या, साहेबांची भांडणं सांगू लागला. तेलीणबाई त्यांच्यासाठी घोट्याला लावायचं तेल आणायची आणि वर ऐकवायची, "दादा, कोट उतार के नहाया करो।" एकदा त्या तिघी धुक्यामुळे उशिरा आल्या तर वडिलांनी मला हाक मारून सांगितलं, "बोळात जाऊन बघ रे, काय झालं." दार उघडून मी बोळात उभा होतो आणि ते खाटेवर उठून बसले होते, आणि आत्या कुंडाशी तांब्या घेऊन वाट पाहत होती.

रजा संपली. निघायच्या सकाळी दारात टांगा उभा. ट्रंका, वळकट्या, आईचे डबे, धाकटी भावंडं, सगळं चढलं. आत्याची हिरवी पत्र्याची पेटीही हमालाने चढवली होती, कारण आत्याच्या त्या शब्दावर वडिलांनी अजून हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी वडिलांनी सांगितलं ते तसंच होतं. आत्या दारात उभी राहून त्या पेटीकडे पाहत होती. तिने स्वतःहून काही मागितलं नाही. तिने देवासमोर सांगायचं ते सांगून टाकलं होतं.

वडील काठी टेकत बाहेर आले, टांग्याकडे पाहिलं आणि गरजले, "ही पेटी कुणी चढवली? उतरवा ती!"

मी ती अशी उतरवली की हमालाला लाज वाटावी. आत्याने पदराने नाक पुसलं आणि लगेच म्हणाली, "हळू रे, आत बरणी आहे."

वडील टांग्यात बसले. काठी पायाशी ठेवली. मग पुन्हा आत्याला जवळ बोलावलं, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, म्हणजे पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल एवढ्याच.

"अक्का, पायऱ्या राहू देत. पण एक कठडा लावून घे."

"लावते की," आत्या म्हणाली. "तुझ्या उंचीचा लावते. सुट्टीत येशील तेव्हा धरायला लागेल."

टांगा हलला. मी मिस्त्रीला हाक मारायला गेलो.